गाडी मधूनच स्टार्ट होत नाही? पार्ट बदलायच्या आधी हे करून बघा

कायमची बंद पडलेली गाडी परवडली. मेकॅनिक येतो, शोधतो, दुरुस्त करतो, विषय संपला. डोकं खाते ती आठवड्यातून एकदाच स्टार्ट न होणारी गाडी. सकाळी ऑफिसला निघताना नुसतं कट्ट करून गप्प, मग तुम्ही बॉनेट उघडून उगाच दोन वायरी हलवता, परत बसून किल्ली फिरवता आणि ही बया एका सेल्फमध्ये स्टार्ट. गॅरेजला नेली की तिथे दहापैकी दहा वेळा स्टार्ट होते आणि मेकॅनिक आपल्याकडे असं बघतो की जणू आपल्यालाच किल्ली फिरवता येत नाही. मग तो म्हणतो "बॅटरी बदलून बघू", आपण म्हणतो बदला, आणि इथून पाकीट रिकामं व्हायला लागतं.

मी मेकॅनिक नाही. माझी १२ वर्षं जुनी पेट्रोल गाडी आहे, तिने मला चार महिने असं नाचवलं आणि तेवढ्यात मी एक बॅटरी आणि एक सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बदलून बसलो, दोन्ही जुने धडधाकट होते हे नंतर कळलं. दोष कुठे निघाला ते पुढे येईलच. ज्यांनी बॉनेट फक्त वॉशरचं पाणी भरायला उघडलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, त्यामुळे जाणकारांनी थोडं सांभाळून घ्या.

पायरी १: आधी लिहून ठेवा

फोनमध्ये एक नोट उघडा आणि गाडीने प्रत्येक वेळी दगा दिला की तिथेच उभं राहून लिहा: तारीख, वेळ, इंजिन गार होतं की गरम, किती चालून आली होती, किती वेळ उभी होती, पाऊस होता का, टाकीत पेट्रोल किती, किल्ली फिरवल्यावर कसला आवाज आला, आणि शेवटी काय केल्यावर स्टार्ट झाली. जमलं तर व्हिडिओ काढा, आवाज आणि डॅशबोर्ड दोन्ही येतील असा. कंटाळवाणं काम आहे, पण मधूनच येणारा दोष पकडायला याच्याइतकं स्वस्त हत्यार नाही.

माझ्या सहा नोंदी झाल्या तेव्हा दिसलं की सहापैकी पाच वेळा गाडी अर्धा-पाऊण तास पळून थांबलेली होती, पेट्रोल पंप, चहाची टपरी, भाजी मंडई, आणि तिथून निघताना अडली. सकाळी गार असताना एकदाच, तेही रात्रभर धो धो पाऊस पडून गेल्यावर. आता बघा, बॅटरी मरायला टेकली की ती बहुतेक सकाळी पहिल्या सेल्फला सांगते, तासभर चालून चार्ज झालेल्या गाडीत सहसा नाही. म्हणजे माझी नोटच सांगत होती की बॅटरीच्या मागे लागू नको, पण नोंदी सुरू केल्या तोवर मी बॅटरी घेऊन मोकळा झालो होतो.

पायरी २: आवाज ओळखा

"गाडी स्टार्ट होत नाही" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे आजार असतात. किल्ली फिरवल्यावर नक्की काय होतं ते ऐका.

टकटकटकटक असा भराभर आवाज आला तर करंट कमी पडतोय, म्हणजे बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनल (बॅटरीच्या खुंटीवर वायर पकडणारा चिमटा) सैल आहे.

एकच कट्ट आणि पुढे शांतता, म्हणजे सेल्फपर्यंत हुकूम पोचला पण मोटर फिरली नाही. संशय सेल्फवर, त्याच्या सोलेनॉइडवर (मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) किंवा जाड वायरींवर, आणि हो, बॅटरीवरही.

इंजिन रखडत, कण्हत फिरतंय, घर्र... घर्र... असं, तर परत बॅटरी, वायरी, कधी सेल्फचे कार्बन (मोटरला आत करंट पोचवणारे ब्रश) घासलेले.

काहीच नाही, चिडीचूप, पण डॅशबोर्डचे दिवे लागलेत. तर हुकूमच सेल्फपर्यंत जात नाहीये: किल्लीचा स्विच, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच), क्लचचा स्विच.

आणि शेवटचं, इंजिन नेहमीसारखं गरगर जोरात फिरतंय पण पेटत नाही. इथे बॅटरी आणि सेल्फ दोघं सुटले, त्यांना हात लावू नका. पेट्रोल, स्पार्क, सेन्सर, नाहीतर किल्लीची चिप.

नुसता हा फरक मेकॅनिकला सांगितलात तरी अर्धं काम झालं, कारण पहिले चार आजार बघायला वायरमन लागतो आणि पाचवा बघायला स्कॅनरवाला.

पायरी ३: दिव्याची परीक्षा

यात एक पैसा जात नाही. अंधारात किंवा भिंतीसमोर गाडी लावून हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. (बऱ्याच नव्या गाड्यांत सेल्फ मारताना हेडलाइट आपोआप बंद होतात, तिथे आतला छताचा दिवा बघा.) दिवा पार विझला तर बॅटरी किंवा टर्मिनल. दिवा जरासा मंद झाला आणि नुसतं कट्ट, तर सेल्फ किंवा त्याची वायरिंग. दिव्याला काही फरकच पडला नाही तर सेल्फला करंट गेलाच नाही, म्हणजे स्विच-रिलेकडे जा.

पायरी ४: टर्मिनल, हसू नका

बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना हाताने, साधनाशिवाय, पिळून बघा. तसूभर जरी फिरला तरी तो सैल. आपल्याकडे सैल टर्मिनलमध्ये पत्र्याची पट्टी नाहीतर खिळा ठोकून देणारे महाभाग आहेत, असं काही दिसलं तर काढून नीट टर्मिनल बसवून घ्या. पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, फेस येईल, मग साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा, आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. बहुतेक छोट्या गाड्यांना दहाचा पाना लागतो.

काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. हे उलटं करू नका, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.

पायरी ५: मल्टीमीटर घ्या

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तीन-चारशेला साधा मल्टीमीटर मिळतो. डीसी व्होल्ट २० वर ठेवा, लाल काडी पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. गाडी रात्रभर उभी राहिलेली असताना १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे उपाशी. नुकती बंद केलेल्या गाडीवर मोजू नका, आकडा फुगलेला दिसतो.

पण नुसत्या उभ्या बॅटरीचा आकडा फसवतो, कारण मेलेली बॅटरीसुद्धा काही काम नसताना १२.५ दाखवू शकते. म्हणून दुसऱ्या कोणाला तरी किल्लीवर बसवा आणि सेल्फ लागत असताना बघा. ९.६ च्या खाली घसरली तर बॅटरी थकलीय (आधी चार्ज करून परत बघा). मग इंजिन चालू असताना बघा, १३.८ ते १४.५ पाहिजे. १२.५ वरच बसला असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) चार्ज करत नाहीये, मग कितीही नव्या बॅटऱ्या टाका, दोन दिवसांत परत तेच. इंजिन चालू असताना ओढणी, बाही, वायर पट्ट्याच्या आणि फॅनच्या आसपास नको, फॅन कधीही फिरायला लागतो.

आपल्याकडच्या उन्हात बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं जाते. तुमची पाचव्या वर्षात असेल आणि वरचे आकडे पडके येत असतील तर शोध बंद करा आणि बदला.

पायरी ६: अर्थिंग, इथे माझं घोडं अडलं होतं

शाळेत शिकलो तसं करंटला जायला रस्ता लागतो तसा यायलाही लागतो. बॅटरीतून जाड लाल वायर सेल्फला जाते हे सगळ्यांना दिसतं, पण सेल्फमधून करंट परत येतो तो इंजिनच्या धातूतून, आणि इंजिन बसलेलं असतं रबरी माउंटिंगवर, मग तिथून बॉडीपर्यंत आणायला एक तांब्याची वेणीसारखी पट्टी किंवा जाड काळी वायर असते, हीच अर्थिंग. छोटी पेट्रोल गाडी सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर ओढते, डिझेल त्याहून जास्त, आणि हे सगळं त्या एका पट्टीतून परत येतं. पट्टी गंजली की दिवे लागतात, हॉर्न वाजतो, काच खाली होते, कारण त्यांना थोडासाच करंट लागतो. सेल्फ मारला की मात्र जीव जातो. गरम झाल्यावर असला कुजका जोड अजून वाईट वागतो, म्हणून माझी गाडी चहाच्या टपरीवर अडायची.

तपासायची सगळ्यात सोपी पद्धत: जंपर केबलची (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून स्टार्ट करायच्या जाड वायरींची) फक्त एक काळी वायर घ्या, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरा इंजिनच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला. गाडी दगा देत असतानाच हे करा. सेल्फ एकदम दणक्यात फिरला तर चोर सापडला.

मी मीटरने केलं. रविवारी दुपारी गाडी पाऊण तास फिरवून आणली, बायकोला किल्लीवर बसवलं, काळी काडी बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर, लाल काडी इंजिनवर. सेल्फ मारताना इथे ०.२-०.३ व्होल्टच्या वर जायला नको. मीटरवर २.३ आला. मला वाटलं काडी सरकली, तिला म्हटलं परत मार, परत २.३. मग लाल काडी इंजिनवरून काढून बॉडीच्या बोल्टवर ठेवली, ०.१. म्हणजे बॅटरी ते बॉडी ठीक, गडबड बॉडी ते इंजिन या हातभर अंतरात. बॅटरीचा ट्रे काढला तर खाली गिअरबॉक्सच्या बोल्टवर ती पट्टी, चिखलाने लिंपलेली, वरून बरी दिसत होती, पण वाकवली तशी मधली निम्मी तार हिरवट भुगा होऊन हातात आली. नवीन पट्टी दोनशेच्या आत मिळाली. बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर टाकून आवळली, मीटर ०.१५. बॅटरी आणि सेल्फवर किती घातले ते विचारू नका.

हीच परीक्षा लाल बाजूलाही होते: एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर, सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर जायला नको. तो बोल्ट बऱ्याच गाड्यांत खाली अवघड जागी असतो, हात पोचत नसेल तर हे वायरमनवर सोडा.

पायरी ७: चिडीचूप गाडी

क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही अशा गाड्या आता खूप आहेत. क्लच पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो, पेडल पूर्ण खाली गेलं नाही तर तो लागत नाही. आधी पायाखालची मॅट बघा! जाड थ्रीडी मॅट पेडलखाली सरकून एवढीशी अडली तरी गाडी मुकी होते, आणि मॅट सरकली की आपोआप बरी. ऑटोमॅटिक असेल तर पी (पार्क) मध्ये अडली की एन (न्यूट्रल) मध्ये घेऊन, ब्रेक दाबून बघा, एन मध्ये लागली तर गिअरचा स्विच.

मग रिले. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर चित्र असतं. सेल्फच्या रिलेसारखाच, त्याच नंबरचा दुसरा रिले बहुतेक शेजारीच असतो, हॉर्नचा वगैरे. दोघांची अदलाबदल करा आणि चार दिवस वापरा. रोग हॉर्नकडे गेला तर रिले खराब.

एकच कट्ट आणि अर्थिंग-बॅटरी ठीक असेल तर सेल्फच राहिला. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर, किल्ली बंद, आणि सेल्फच्या अंगावर पान्याच्या मागच्या बाजूने हलकं टकटक करा, मग बसून सेल्फ मारा. लागला तर आतले कार्बन झिजलेत, थोडं सरकल्यावर टेकले. हा घरी पोचण्यापुरता जुगाड आहे. अख्खा सेल्फ बदलायच्या आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे खोलून घ्या, कार्बन आणि सोलेनॉइड बदलून बरेच सेल्फ पुढे वर्षानुवर्षं चालतात.

पायरी ८: फिरते पण पेटत नाही

किल्ली फक्त ऑनला घ्या, सेल्फ मारू नका, रेडिओ-एसी बंद, कान मागच्या सीटकडे. दोनेक सेकंद ऊंऽऽ असा बारीक आवाज यायला पाहिजे, तो पेट्रोल पंप. येत नसेल तर पंपाचा फ्यूज, रिले, मग पंप. आवाज येतोय पण स्टार्ट व्हायला वेळ लागतो? किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा, आता लगेच पेटली तर लाइनमधलं प्रेशर उभ्या उभ्या उतरतंय.

सीएनजीवाल्यांनी इथे थांबून वाचा. तुमच्यातल्या बहुतेकांची गाडी पेट्रोलवर स्टार्ट होऊन मग सीएनजीवर जाते (थेट गॅसवर स्टार्ट होणाऱ्या नव्या गाड्याही आल्यात). आपण गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलचा काटा कायम लाल रेघेवर ठेवतो, आणि टाकीतला पंप गार राहतो तो त्याच्याभोवतीच्या पेट्रोलमुळे. पेट्रोल नाही तर पंप भाजतो, आधी गरमीत मधूनच अडतो आणि एक दिवस कायमचा झोपतो. पाव टाकी कायम ठेवा आणि रोज थोडं पेट्रोलवर चालवा.

डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलूप असलेल्या गाडीचं चित्र लुकलुकत राहिलं, किंवा इंजिन लागून सेकंदात बंद पडलं, तर इमोबिलायझर (किल्लीची चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी यंत्रणा). जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली किल्ली असेल तर काढून बघा, घरातली दुसरी किल्ली वापरा. बटण स्टार्ट असेल तर रिमोट थेट बटणाला टेकवून दाबा, लागली तर रिमोटचा सेल संपलाय.

आणि गरम झाल्यावर बंद पडते, अर्धा तास गार होऊ दिली की काही झालंच नाही अशी चालू होते, तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर) नजर ठेवा. सेल्फ फिरत असताना आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा बघा, बऱ्याच गाड्यांत तो जरासा थरथरतो, शून्यावर चिकटून बसला तर संशय पक्का. ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून दोषांचे कोड फोनवर दाखवणारा) असेल तर सेल्फ मारताना फोनवर आरपीएम बघा आणि कोड वाचा, पी०३३५ आला तर याच सेन्सरच्या सर्किटची तक्रार आहे. सेन्सर घ्यायच्या आधी त्याची वायर आणि सॉकेट बघा, पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली उबेला येतात आणि वायरी कुरतडतात, लेंड्या दिसल्या तर समजून जा.

डिझेलवाल्यांनो, थंडीत डॅशबोर्डवरचा गुंडाळीच्या चित्राचा दिवा विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारता का? तरीही रखडत असेल तर ग्लो प्लग (गार डिझेल इंजिन आतून तापवणारे) तपासा.

दोन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते

हा वेगळा प्रकार, काहीतरी चोरून करंट पितंय. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, डिकीचा न विझणारा दिवा (फोन व्हिडिओवर टाकून डिकीत ठेवा आणि झाकण लावा, खरं कळतं). मोजायचं असेल तर निगेटिव्ह वायर काढून ती वायर आणि बॅटरीची खुंटी यांच्या मध्ये मीटर १० अँपिअरवर जोडा, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्याच भोकात घाला, सगळं बंद करून अर्धा तास थांबा, कारण नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात. ५० मिलीअँपिअरच्या आत आलं तर ठीक, जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडला ती लाइन. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जागच्या जागी जातो.

रस्त्यात अडलात तर

जंपर लावताना लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचा चिमटा मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने भडकू शकतो. धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअलला, दुसऱ्या गिअरमध्ये, आणि बॅटरी पार शून्य असेल तर पंप आणि कॉम्प्युटरच जागे होत नाहीत, मग कितीही माणसं लावा.

गॅरेजला गेल्यावर

"बॅटरी बदला" म्हणत जाऊ नका, लक्षण सांगा. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मेकॅनिकला पाठवलेला मेसेज असा होता: "दादा, गाडी तीन आठवड्यांत पाच वेळा अडली, पाचही वेळा गरम असताना. सेल्फ जोरात फिरतो पण पेटत नाही. पंपाचा आवाज येतो. आरपीएमचा काटा शून्यावर राहतो. वीस मिनिटांनी आपोआप चालू होते. व्हिडिओ पाठवलाय." मेकॅनिकने गाडी न बघताच सांगितलं, सकाळी नाही, दुपारी आणा, येताना चांगली तापवून आणा.